मेव्हण्याची बीएमडब्ल्यू आणि आमचा अठरा वर्षांचा मुलगा

बारावीचे निकाल लागले की जून-जुलैत या सदराकडे एकाच जातीची पत्रं यायला लागतात, पोराला गाडी हवीय, कुठली द्यावी. एरवी मी एकदोन पत्रांची उत्तरं देऊन बाकीची बाजूला ठेवतो, पण यावेळी मुलुंडच्या एका बाबांचं पत्र असं आलंय की त्याचं नीट लांबलचक उत्तर द्यायलाच हवं. बाकीची पत्रं पण त्याच विषयाची आहेत म्हणून सगळी एकत्रच घेतो.

प्रश्न : नमस्कार. आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. मुलाला मे महिन्यात 18 पूर्ण झाली, लर्निंग लायसन्स आलंय, मोटर ट्रेनिंग स्कूलचा कोर्स पण झालाय, पुढच्या महिन्यात पक्कं लायसन्स हातात येईल. घरात 2021 ची पेट्रोल नेक्सॉन आहे. माझ्या मेव्हण्याकडे 2019 ची बीएमडब्ल्यू 330आय आहे, तो ती काढतोय आणि आम्हाला घरच्या भावात द्यायला तयार आहे. मुलगा मागे लागलाय की हीच घ्या, कॉलेजला विद्याविहारला मी हीच नेणार. त्याचं म्हणणं गाडी 5 स्टार आहे, एअरबॅग भरपूर, ब्रेक नेक्सॉनपेक्षा कितीतरी भारी, म्हणजे उलट जास्त सेफ. बायको म्हणते अजिबात नाही. मला दोघांचंही पटतं. गाडीची हौस मलाही आहे हे खोटं कशाला बोलू. काय करावं? (एक बाबा, मुलुंड)

उत्तर : बाबा, आधी तुमच्या मुलाच्या बाजूने बोलतो, कारण तो अर्धा बरोबर आहे, आणि जो पोरगा मुद्दे काढून भांडतोय त्याला नुसतं "नाही म्हणजे नाही" सांगून भागत नाही, तो गप्प बसेल पण पटलेलं नसेल. तर 330आयची ही जी पिढी आहे तिला युरो एनकॅपचे (गाड्या आदळून त्यांची सुरक्षा तपासणारी संस्था) 5 स्टार 2019 मध्येच मिळालेत. ब्रेक जबरदस्त, चेसिस सुंदर, स्टिअरिंग हातात घेतलं की माणूस प्रेमातच पडतो. आणि "पोराला शिकायला काहीतरी जुनं खटारा द्या, ठोकलं तरी हरकत नाही" हा जो आपल्याकडचा शहाणपणा आहे तो तर साफ चुकीचा आहे, त्यावर खाली गिरगावच्या आजोबांच्या पत्रात बोलूच.

आता दुसरा अर्धा भाग. ते स्टार सांगतात की गाडी आदळली तर आत बसलेला माणूस किती वाचेल. आदळायची वेळ किती वेळा येईल आणि आदळताना काटा कितीवर असेल, ते स्टार ठरवत नाहीत, ते उजवा पाय ठरवतो, आणि तो पाय तुमच्या केसमध्ये जेमतेम दोन महिन्यांचा ड्रायव्हर आहे. शिवाय बाहेर जो बाईकवाला आहे, रस्ता क्रॉस करणारी बाई आहे, त्यांना तुमच्या गाडीतल्या एअरबॅगचा काय उपयोग?

आकडे बघा. 330आय म्हणजे 258 हॉर्सपॉवर, 400 एनएम टॉर्क (म्हणजे इंजिनची ओढ), शून्य ते शंभर 5.8 सेकंद. तुमची नेक्सॉन 120 पीएस (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच) आणि 170 एनएम. सगळंच दुपटीच्या वर. मुंबईत कायद्याने जास्तीत जास्त वेग कुठे आहे तर अटल सेतूवर, 100. सी-लिंकला 80. कोस्टल रोडला सरळ पट्ट्यात 80, बोगद्यात 60, वळणांवर 40. म्हणजे या गाडीचा मुंबईतला सगळा कोटा सहा सेकंदांत संपतो, मग उरलेला वेळ पोरगा काय करणार सांगा.

पण मला खरं जे बोलायचंय ते हॉर्सपॉवरबद्दल नाहीच. लोक म्हणतात पॉवर वाईट, पॉवर वाईट. माझ्या मते नवशिक्यासाठी अशा गाडीतली सगळ्यात डेंजर गोष्ट म्हणजे तिचा शांतपणा. ती वेग लपवते. ज्या ट्रेनिंग स्कूलच्या गाडीवर तुमचा मुलगा शिकला असेल ती छोटी हॅचबॅक असणार, ती 80 ला गेली की इंजिन ओरडायला लागतं, दारातून वारा शिट्टी मारतो, स्टिअरिंग हलकं पडतं, डॅशबोर्डमधून काहीतरी खडखडतं, आणि आपोआप पाय मागे येतो, कुणी सांगावं लागत नाही. नवीन माणूस वेग काट्यावरून वाचत नाही, काट्याकडे बघायला त्याच्याकडे लक्षच शिल्लक नसतं, तो वेग कानाने आणि बुडाने वाचतो. 330आय 100 ला वरच्या गिअरमध्ये जवळजवळ आवाजच न करता चालते, गाणी चालू, एसी चालू, बाहेर पाऊस, आणि पोराला वाटतंय आपण साठने चाललोय. त्याची काही चूक नाही यात. जुना ड्रायव्हर ठाण्याच्या दिशेने ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर बाजूचे खांब कसे मागे पळतायत, पुढची गाडी किती पटकन मोठी होतेय यावरून अंदाज काढतो, ते डोळे तयार व्हायला एकदोन वर्षं जातात, त्याला शॉर्टकट नाही.

आणि वेगाचा हिशोब सरळ वाढत नाही हे पण त्याला वहीवर काढून दाखवा, बारावी सायन्सचा असेल तर त्याला येतंच. 60 चे 90 झाले म्हणजे दीडपट झाले असं वाटतं, पण गाडीला थांबवायला जी ऊर्जा जिरवायची ती सव्वादोन पट होते. समोर काहीतरी दिसलं आणि पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर 60 ला गाडी 25 मीटर पुढे गेलेली असते आणि 100 ला 42 मीटर जवळजवळ, ब्रेक लागायच्या आधी बरं का. इथे बीएमडब्ल्यूचे भारी ब्रेक अजून कामाला लागलेलेच नाहीत.

आता पावसाचं. ही गाडी मागच्या चाकांवर चालते, आणि तो 400 चा टॉर्क साडेपंधराशे आरपीएमलाच हजर असतो. जूनचा पहिला पाऊस पडलाय, रस्त्यावर आठ महिन्यांचं ऑईल आणि धूळ वर आलीय, घाटकोपरच्या फ्लायओव्हरवरून उतरताना पुढे एक टेम्पो रेंगाळतोय, पोराला डावीकडे गॅप दिसते, तो स्टिअरिंग वळवतो आणि त्याच वेळी पाय दाबतो. छोट्या गाडीत काय झालं असतं, तर काहीच नाही, इंजिनने थोडा विचार केला असता, तोवर गॅप बंद झाली असती आणि पोरगा चरफडत मागे राहिला असता. इथे अर्धा क्षण काही होत नाही, टर्बो भरतो, मग सगळं एकदम येतं, मागचं बूड बाजूला सरकतं. घाबरून पाय झटकन सुटतो, त्याने वजन पुढे येतं, मागची चाकं अजून हलकी होतात. गाडीत डीएससी आहे, म्हणजे घसरणारी गाडी आपोआप सावरणारी सिस्टीम, बहुतेक वेळा ती सावरते. पण ती सिस्टीम ढिली करायचं बटण पण तिथेच गिअरपाशी असतं, आणि 18 वर्षांच्या पोराला ते बटण पहिल्या आठवड्यात सापडतं, आईबापाला पाच वर्षांत सापडत नाही.

बाहेरच्या देशांत यावर काय करतात ते सांगतो, कारण तुमचा मुलगा नक्की म्हणणार की परदेशात तर सोळाव्या वर्षी चालवतात. चालवतात, पण कसं? अमेरिकेत बहुतेक राज्यांत लायसन्स टप्प्याटप्प्याने मिळतं, नव्या पोरांना रात्री उशिरा एकट्याने चालवायला बंदी, गाडीत मित्र किती बसवायचे त्यावर बंदी, कारण तिथल्या अभ्यासांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली की लायसन्स मिळाल्यानंतरचे पहिले काही महिने सगळ्यात वाईट आणि शेजारी समवयस्क बसले की अजून वाईट. तिथली इन्शुरन्स कंपन्यांच्या पैशावर चालणारी आयआयएचएस नावाची संस्था पालकांना उघड सांगते की पोरांना जास्त पॉवरची गाडी देऊ नका, फार चिमुकली पण देऊ नका. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, क्वीन्सलँड इथे नव्या लायसन्सवाल्याला टनामागे 130 किलोवॅटच्या वरची गाडी चालवायलाच बंदी आहे. तुमच्या मेव्हण्याची गाडी हिशोब केला तर 120 च्या थोडी वर येते, म्हणजे ऑस्ट्रेलियात ती काठावर पास होईल, मुलाला हे सांगितलंत तर तो नाचेल. मग त्याला लगेच इटलीचं सांगा, तिथे डिसेंबर 2024 पासून पहिली तीन वर्षं टनामागे 75 किलोवॅट आणि एकूण 105 किलोवॅट अशी हद्द आहे. 330आय म्हणजे 190 किलोवॅट. तुमची नेक्सॉन मात्र 88 किलोवॅट, ती तिथे बसते.

आपल्याकडे यातलं काहीच नाही. सकाळी पक्कं लायसन्स आलं की दुपारी कायद्याने तो कितीही पॉवरची गाडी घेऊन रात्री दोन वाजता चार मित्र बसवून लोणावळ्याला जाऊ शकतो. तिकडे अजून एक गंमत आहे, 18 च्या पोराचं नाव अशा गाडीच्या इन्शुरन्सवर टाकलं तर प्रीमियम ऐकूनच बाप खुर्चीत बसतो आणि विषय तिथेच मिटतो. आपल्याकडे थर्ड पार्टी प्रीमियम इंजिनच्या सीसीवर आणि बाकीचा गाडीच्या किमतीवर, वयावर ठरतो, स्टिअरिंगमागे पन्नाशीचा बाप बसणार की अठराचा पोरगा हे फारसं कुणी विचारतच नाही. म्हणजे जो ब्रेक तिकडे बाजार लावतो तो इथे घरात बसून तुम्हालाच लावायचाय.

तर माझं म्हणणं. बायकोचं ऐका, पण तिचं कारण पूर्ण करून ऐका. पहिलं वर्ष-दीड वर्ष नेक्सॉन. ती काही शिक्षा नाहीये, डिसेंबर 2018 मध्ये ग्लोबल एनकॅपचे 5 स्टार मिळवणारी पहिली भारतीय गाडी ती, ईएसपी (डीएससीसारखीच सिस्टीम) आहे, 120 पीएस कॉलेजला जायला भरपूर, आणि एलबीएस रोडचे पावसाळ्यातले खड्डे ती मुकाट्याने खाते, तिथे 330आयच्या पातळ साइडवॉलच्या टायरला फुगा आला तर एका टायरच्या बिलात मुलाचं सेमिस्टर निघेल. पोराला ती "अंकल गाडी" वाटत असेल तर वाटू दे.

पण नुसती किल्ली देऊन मोकळे होऊ नका. टेस्टला गाडी दुसऱ्या गिअरच्या वर फारशी जातच नाही, त्या लायसन्सचा अर्थ एवढाच की शिकायला सुरुवात करायची परवानगी मिळाली. तुम्ही शेजारी बसून त्याला रात्रीचं चालवायला लावा, धो धो पावसात चालवायला लावा, एक्स्प्रेसवेला घाटात ट्रकांच्या मधून चालवायला लावा. आणि एक गोष्ट नक्की करा, कुठेतरी रिकामं ओलं मोकळं आवार बघून, मागेपुढे कोणी नाही याची खात्री करून, 40 ला त्याला सांगा की आता ब्रेक पूर्ण दाब, पूर्ण म्हणजे पूर्ण. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी सिस्टीम) लागलं की पेडल पायाखाली थडथडतं, खालून कर्र कर्र आवाज येतो, आणि पहिल्यांदा दहातले नऊ जण घाबरून पाय उचलतात, वाटतं काहीतरी तुटलं. तो पाय तिथेच दाबून ठेवायचा असतो आणि त्याच वेळी स्टिअरिंग पण वळतं, हे ज्याने एकदा पायाने अनुभवलंय तो वेगळा ड्रायव्हर आणि ज्याने नुसतं ऐकलंय तो वेगळा. हे आपल्या ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकवताना मी तरी पाहिलेलं नाही.

मित्रांबद्दल घरात नियम करा, पहिले सहा महिने गाडीत एकावेळी एकच मित्र, रात्री अकरानंतर गाडी नाही. तो वैतागेल, म्हणेल सगळे हसतील. हसू दे.

आणि राहिली बीएमडब्ल्यू. तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य मी दोनदा वाचलं. हौस असेल आणि खिसा परवानगी देत असेल तर घ्या की, पण स्वतःसाठी घ्या, पोराच्या नावावर घेऊ नका. 2019 ची आहे, घेण्याआधी सर्व्हिस हिस्टरी, टायरची तारीख, ऑईल लीक सगळं बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्या, मेव्हणा असला तरी, किंबहुना मेव्हणा आहे म्हणूनच, नंतर दिवाळीत तोंडं बघायची असतात एकमेकांची. वर्षभराने पोराला रविवारी सकाळी शेजारी बसून चालवायला द्या, कम्फर्ट मोडमध्ये, दोन किल्ल्या असतात त्या दोन्ही तुमच्याकडे. दुसरी किल्ली कपाटात शर्टांच्या खाली ठेवू नका, ती जागा त्याला माहीत आहे.

प्रश्न : काका मी 17 चा आहे, डिसेंबरमध्ये 18 होणार. बाबांकडे स्लाव्हिया 1.5 आहे. रविवारी पहाटे बीकेसीत रस्ते रिकामे असतात तेव्हा बाबा मला चालवायला देतात, बाबा शेजारीच बसतात. मला चांगली येते गाडी. मित्र पण सगळे चालवतात. यात काही प्रॉब्लेम नाही ना? (दादर)

उत्तर : आहे. आणि तुला नाही, तुझ्या बाबांना जास्त आहे म्हणून हे उत्तर त्यांना वाचायला दे.

कार चालवायला 18 पूर्ण लागतात, लर्निंग लायसन्सला पण. सोळाव्या वर्षी जे मिळतं ते 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचं, कारचं नाही. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात 199ए हे कलम आलं, त्यात अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो, 3 वर्षांपर्यंत कैद, 25 हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन 12 महिने रद्द आणि तुला स्वतःला वयाच्या 25 पर्यंत लायसन्स नाही. म्हणजे डिसेंबरची वाट बघायच्या ऐवजी अजून सात वर्षं बाबांच्या शेजारच्या सीटवर बसायचं. "बाबा शेजारी होते" हा बचाव तर नाहीच, उलट त्यांना माहीत होतं हेच त्यातून सिद्ध होतं. इन्शुरन्सचं पण ऐक, ज्याच्याकडे लायसन्स नाही तो चालवत असताना कुणाला लागलं तर तुमच्या गाडीच्या नुकसानाचा क्लेम गेलाच, आणि ज्याला लागलं त्याला कोर्टाने भरपाई द्यायला लावली तर कंपनी ते पैसे नंतर मालकाकडून वसूल करायला येऊ शकते.

बीकेसीचे रस्ते पहाटे रिकामे दिसतात पण रिकामे नसतात रे, तिथे त्याच वेळी सायकलवाले असतात, पळणारे असतात, आणि तुझ्यासारखेच अजून दहा जण "रस्ता रिकामा आहे" म्हणून आलेले असतात. पुण्यात कल्याणीनगरला 19 मे 2024 च्या पहाटे पण रस्ता मोकळाच होता. पोर्शेने बाईकला उडवलं, दोन तरुण इंजिनिअर गेले, गाडीवर 17 वर्षांचा मुलगा होता असं पोलिसांनी सांगितलं, आणि त्याला जामीन देताना 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला म्हणून देशभर संताप झाला. ती गाडी कुणीतरी घरूनच दिली होती.

डिसेंबरपर्यंत शेजारी बसून बाबा काय बघतात ते बघ. कुठे आरसा बघतात, रिक्षा कट मारणार हे आधी कसं ओळखतात. कंटाळा येईल, पण फुकट आहे.

प्रश्न : माझी मुलगी 19 वर्षांची, बोरिवलीहून अंधेरीला जाते, वर्षभर आमची छोटी जुनी गाडी व्यवस्थित चालवतेय, एक ओरखडा नाही. आता नवी हॅचबॅक घेतोय. तिला टर्बो व्हर्जन हवंय, 120 पीएसचं. नातेवाईक म्हणतात मुलीला कशाला एवढी फास्ट गाडी, साधी घ्या. ही फास्ट गाडी म्हणायची का? (एक आई, बोरिवली)

उत्तर : ताई, नाही. 120 पीएसची हॅचबॅक म्हणजे थोडी चटपटीत गाडी, तिला परफॉर्मन्स कार म्हणायचं तर शब्दाची लाजच काढली. उलट वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेला सर्व्हिस रोडवरून वर चढून ट्रॅफिकमध्ये मिसळताना थोडा पिकअप असलेला बरा, मागून बस येतेय आणि गाडी ढिम्म पुढे जात नाही हा अनुभव कुणालाही नको. वर्षभर चालवलेली आहे, ओरखडा नाही, घ्या बिनधास्त. फक्त पैसे सनरूफवर घालवण्याआधी 6 एअरबॅग आणि ईएससी (ईएसपीचंच दुसरं नाव) त्या व्हेरिअंटमध्ये आहे ना हे ब्रोशरमध्ये स्वतः वाचा, सेल्समनच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

एकच सांगतो, टर्बो ऑटोमॅटिक घेणार असाल तर पहिले पंधरा दिवस गर्दीत तिला सवय होऊ द्या. ब्रेक सोडला की गाडी स्वतःहून पुढे सरकते, आणि गॅप दिसून पाय दाबला की आधी काहीच नाही मग अचानक उडी, मालाडच्या सिग्नलला पुढच्या रिक्षाच्या बंपरला अशाच उड्या लागतात. आणि बिल्डिंगच्या खालच्या पार्किंगमध्ये गाडी काढता-लावताना घाईत ब्रेकच्या जागी अ‍ॅक्सिलरेटर, हा प्रकार मॅन्युअलवरून ऑटोमॅटिकवर आलेल्या कुणाकडूनही होतो, वयाचा संबंध नाही. डावा पाय दूर ठेवायचा, उजव्या पायाची टाच ब्रेकसमोर टेकलेली.

नातेवाईकांचं सोडा, मुलगा असता तर त्यांनीच विचारलं असतं एवढीशीच का घेतली.

प्रश्न : नातू 18 चा झाला. माझ्याकडे 2008 ची मारुती 800 आहे, उत्तम स्थितीत, पुन्हा पासिंग केलेली, 37 हॉर्सपॉवर. माझं म्हणणं त्याने यावरच शिकावं, गाडी पळतच नाही तर अपघात कसला? सूनबाई नको म्हणते. (एक आजोबा, गिरगाव)

उत्तर : आजोबा, तुमची गाडी जपल्याबद्दल नमस्कार, आता मुंबईत चालती 800 बघायला मिळत नाही. क्लच-गिअरचं अंग कळायला, हाफ क्लचवर चढाला गाडी धरायला यासारखी गुरू नाही. गिरगावच्या गल्ल्यांत, रविवारी, तुम्ही शेजारी बसून जरूर शिकवा.

पण रोज कॉलेजला न्यायला, हायवेला न्यायला नको, सूनबाई बरोबर बोलतायत. मुलुंडच्या बाबांना मी जे सांगितलं त्याची ही दुसरी बाजू. तुमचा नातू 50 ने चाललेला असेल, पण त्याच्यावर येणारा 90 ने येत असेल, अपघात काही आपल्याच वेगावर ठरत नाही. तुमच्या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही, ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की चाकं जाम होऊन गाडी सरळ घसरत जाणार, स्टिअरिंग वळवून उपयोग नाही. 2014 च्या सुरुवातीला ग्लोबल एनकॅपने एअरबॅग नसलेली ऑल्टो 800 आदळून बघितली होती, मोठ्यांच्या सुरक्षेला शून्य स्टार आले, आणि तुमची तर तिच्याही आधीच्या पिढीची. नव्या गाड्यांना एबीएस 2019 पासून आणि पुढच्या दोन एअरबॅग जानेवारी 2022 पर्यंत सक्तीच्या झाल्या, त्यामुळे नातवासाठी सेकंडहँड बघायची तर त्यानंतरचीच बघा. स्विफ्ट घ्यायची असेल तर मे 2024 मध्ये आलेल्या नव्या पिढीची, त्यात खालच्या मॉडेललाही 6 एअरबॅग आणि ईएसपी येतात.

800 विकू नका मात्र.

प्रश्न : मी 18 चा, लायसन्स आहे, घरची वॅगनआर चालवतो. मला खरंच फास्ट चालवायला आवडतं, रस्त्यावर नाही चालवणार प्रॉमिस, पण मग चालवू कुठे? मुंबईत तर काहीच नाही. (ठाणे)

उत्तर : हा प्रश्न आवडला, कारण हा कुणी विचारतच नाही, सगळे थेट घोडबंदर रोडला जाऊन उत्तर शोधतात.

सुरुवात गो-कार्टिंगपासून कर. मुंबई-ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात भाड्याच्या कार्टचे ट्रॅक आहेत, मॉलमधल्या पोरखेळापेक्षा मोकळ्यावरचा जरा लांब ट्रॅक शोध. बूड जमिनीपासून चार बोटांवर असतं त्यामुळे 50 चा वेग पण कळतो, मागची चाकं कधी सुटतात ते कळतं, आणि ब्रेक वळणाच्या आधी संपवायचा, वळणात नाही, हे डोक्यात नाही तर अंगात बसतं. भारतातले बरेच रेसर इथूनच निघालेत.

त्यापुढे जायचं तर मुंबईबाहेर जावं लागतं. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला मद्रास इंटरनॅशनल सर्किट, कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवे, आणि दिल्लीकडे ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट जिथे 2011 ते 2013 फॉर्म्युला वन झाली. कोइम्बतूर हे आपल्या रेसिंगचं माहेरघर, 2005 मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन तिथलाच. त्या ट्रॅकवर रेसिंग स्कूल भरतात, दोनतीन दिवसांचा कोर्स असतो, पास झालास तर एफएमएससीआयचं (भारतातली मोटर रेसिंगची संघटना) स्पर्धेचं लायसन्स काढता येतं. स्वस्त नाही, बाबांशी बोलावं लागेल. आणि एक गोष्ट ऐकून बरं वाटेल तुला, तिथे नवी पोरं ज्या फॉर्म्युला एलजीबी गाड्यांवर वर्षानुवर्षं रेस करतात त्यांच्यात इंजिन असतं स्विफ्टचं, 1300 सीसीचं, हो तीच आपली रस्त्यावरची स्विफ्ट.

पहिल्यांदा कार्टिंगला जाशील तेव्हा हेल्मेट तिथे मिळतं. बूट मात्र घरून घालून जा, पातळ तळव्याचे, नाडी आत खोचलेली, आणि सुट्टीच्या संध्याकाळी न जाता मधल्या वारी सकाळी जा, ट्रॅक मोकळा मिळतो.